तिसरं बिऱ्हाड कुठं थाटायचं?

फॉर्ममधला सगळ्यात सोपा रकाना कोणता? नाव आणि पत्ता, असं कुणीही सांगेल. पण पंचवीस वर्षांचा संसार संपवून, परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा पर्समध्ये ठेवून नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून बाहेर पडलेली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. वय अठ्ठेचाळीस, पेशानं शिक्षिका. बँकेच्या केवायसीचा साधा कागद समोर येतो आणि 'कायमचा पत्ता' या दोन शब्दांपाशी तिचं पेन थांबतं. जे घर कालपर्यंत कायमचं होतं ते आता दुसऱ्याचं आहे. माहेरी भाऊ-वहिनी, त्यांची मुलं आणि थकलेली आई. पुण्यात नोकरीला असलेली मुलगी म्हणते, "आई, तू इकडेच ये." कुणी सांगतं, नाशिकला जा, हवा छान आहे. आणि सीताबर्डीवर भेटलेली जुनी सहकारी हात धरून म्हणते, "कुठं जाऊन राहिली तू? इथंच राह ना!"

सगळ्यांचं म्हणणं मायेचं आहे, आणि तरी त्यातलं एकही तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही. घटस्फोट कसा मिळवायचा हे सांगायला वकील असतात. पोटगी किती मागायची याचे आकडे मांडणारे नातेवाईक असतात. पण त्यानंतर एकटीनं राहायचं कुठं, हा निर्णय बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत, थकलेल्या मनानं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीनं होऊन जातो. तो शांतपणे, टप्प्याटप्प्यानं करता येतो.

माहेर, सासर आणि त्यापुढचं घर

मराठीत बाईच्या दोन घरांना स्वतंत्र नावं आहेत. एक माहेर, दुसरं सासर. दोन्ही नावं नात्यावरून पडलेली, जागेवरून नाही. तिनं स्वतः निवडलेल्या तिसऱ्या घराला मात्र आपल्याकडे शब्दच नाही. त्यातल्या त्यात जवळचा आणि सुंदर शब्द म्हणजे बिऱ्हाड, आणि तेही बहुधा नवऱ्याच्या बदलीबरोबर हललेलं.

आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार भारतातल्या ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित होत्या, पुरुष फक्त १०.७ टक्के. स्थलांतर म्हटलं की आपल्याला रेल्वेच्या जनरल डब्यातून मुंबईला निघालेला तरुण आठवतो, पण या देशात घर सोडून दुसरीकडे राहायला गेलेली माणसं मोठ्या संख्येनं स्त्रिया आहेत. आणि त्या स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांच्या स्थलांतराचं कारण एकच होतं, लग्न. म्हणजे बहुतेकींच्या आयुष्यातला जागेचा सगळ्यात मोठा बदल स्थळ पाहताना ठरून गेलेला असतो. पन्नाशीजवळ आलेल्या बाईला जागा निवडता येत नाही याचं कारण तिच्यात काही कमी आहे हे नाही. या कामाचा सरावच तिला कुणी होऊ दिलेला नसतो.

अशा स्त्रिया किती? २०११ च्या जनगणनेत स्वतःला घटस्फोटित म्हणवणारी माणसं सुमारे १३ लाख ६० हजार होती. कोर्टात न जाता नुसतं वेगळं राहणारी त्यांच्या जवळपास तिप्पट. हा तिपटीचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण कागदावर घटस्फोट नसलेल्यांनाही घर लागतंच.

स्थलांतराचा पहिला पद्धतशीर अभ्यास ई. जी. रॅव्हनस्टाइन या भूगोलतज्ज्ञानं १८८५ मध्ये मांडला. त्याच्या हाती ब्रिटनच्या जनगणनेची पानं होती. त्याचा एक निष्कर्ष आजही टिकून आहे: माणसं हलतात ती बहुतांशी जवळच हलतात. दूरच्या मोठ्या शहराकडे जाणारे थोडे, शेजारच्या गावात किंवा त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारे जास्त. म्हणून 'नागपूर सोडायचं की नाही' हा प्रश्न बहुतेकींसाठी चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. त्याआधी विचारावं, नागपुरातलं नक्की काय सोडायचं आहे?

कायदा भिंतींबद्दल काय सांगतो

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं घटस्फोटाची वाट खुली केली. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. ज्या हिंदू कोड बिलातून तो आला, ते रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, हे नागपूरच्या वाचकाला सांगायला नको. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३ ब मात्र बऱ्याच उशिरा, १९७६ मध्ये आलं. त्यासाठी दोघांनी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज केल्यावर आणखी सहा महिने थांबावं लागतं. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात न्यायालय शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं. ज्यांच्या वाट्याला हे सहा महिने येतात, त्यांनी ती नुसती वाट पाहण्याची मुदत समजू नये. घर शोधायचा तोच काळ असतो.

आता घराचा मुद्दा. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ याचं कलम १७ सांगतं की लग्नाच्या नात्यात बाई ज्या घरात राहते, तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं, तरीही हा हक्क सांगता येतो. मात्र घटस्फोट झाल्यावरही तो आपोआप चालू राहील असं धरून चालणं धोक्याचं. म्हणून संमतीच्या अटी लिहिल्या जातात तेव्हाच घराची ओळ स्पष्ट हवी: फ्लॅट कुणाचा, कर्जाचा हप्ता कुणी भरायचा, ताबा कोणत्या तारखेला, आणि त्या बदल्यात रक्कम किती. 'आपण नंतर बघू' हे वाक्य त्या कागदावर येऊ देऊ नये.

माहेरच्या घराची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. वडिलांच्या राहत्या घरात लेकीला राहता येईल, पण ती अविवाहित, नवऱ्यानं टाकलेली, त्याच्यापासून विभक्त किंवा विधवा असेल तरच. म्हणजे आधी दुःख सिद्ध करा, मग खोली मिळेल. हे कलम २००५ मध्ये काढून टाकलं गेलं आणि त्याच दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. वडील २००५ साली हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही, हे २०२० च्या विनिता शर्मा निकालानं पक्कं केलं.

पण वाटा असणं वेगळं आणि त्या घरात रोज राहणं वेगळं. माहेरी परतलेली लेक बघता बघता घरातली पूर्णवेळ शुश्रूषा करणारी होते. आईची औषधं, भाच्यांचा अभ्यास, वहिनीच्या अनुपस्थितीत स्वयंपाक. सुरुवातीला सगळ्यांनाच सोयीचं वाटतं. वर्षभरानं तिची खोली म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली झालेली असते. हक्काची बोलणी करायची तर ती मनमोकळी, लेखी आणि लवकर करावीत. राहायचं ठिकाण मात्र त्या वाट्यावर टांगून ठेवू नये.

हवा छान आहे, पण…

नाशिकची हवा, पुण्याचा पाऊस, कोकणातला समुद्र. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, या शब्दांची ओढ वाटते यात नवल नाही. पण इथं मन एक ठरावीक चूक करतं आणि ती चूक शास्त्रज्ञांनी मोजलेली आहे.

डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थी कडाक्याच्या थंडीच्या मध्य-पश्चिम भागातले, काही सुखद हवेच्या कॅलिफोर्नियातले. कॅलिफोर्नियातली मुलं जास्त समाधानी असतील, असा दोन्हीकडच्या मुलांचा अंदाज होता. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे सारखंच निघालं. कारण असं की दुसऱ्या ठिकाणाचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे तिथला सगळ्यात ठळक फरक येतो आणि बाकीचा दिवस झाकला जातो. रोजच्या जगण्यात हवेकडे आपलं लक्ष असतं कितीसं? दूधवाला आला का, पाणी किती वाजता येतं, गुडघा आज दुखतोय का, शेजारी कोण आहे, दिवस जातो तो यातच.

स्थळ पाहायला गेल्यावर मुलाच्या पगाराचा आकडा मनात भरतो आणि त्याचा स्वभाव विचारायचा राहून जातो, त्यातलाच हा प्रकार. उपाय साधा आहे. नव्या ठिकाणचा एक सामान्य मंगळवार कागदावर लिहून काढायचा, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. पुण्याला मुलीकडे गेल्यावर मुलगी नऊला बाहेर पडेल आणि आठला येईल, मधले अकरा तास बाराव्या मजल्यावर कोण बोलायला असेल? आणि मुलीची नोकरी उद्या बंगळुरूला गेली तर? मुलांच्या मागे शहर बदलणं हा वाईट निर्णय नाही, पण ते शहर आपलं नसून त्यांच्या कंपनीचं असतं हे लक्षात ठेवून तो घ्यावा.

शहर बदलायची ओढ पूर्णपणे फसवी आहे असंही नाही. वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांच्या सवयी तपासल्या. व्यायाम, वाचन, टीव्ही पाहणं या सवयी जागेशी बांधलेल्या असतात. जागा बदलली की त्या सुटतात आणि माणूस पुन्हा मनानं निवड करू लागतो. ब्रिटनमध्ये बास फेरप्लांकन यांनी नुकतंच घर बदललेल्या लोकांवर काम केलं तेव्हा नव्या सवयी लागण्याची ही खिडकी साधारण तीन महिने उघडी राहते, असं दिसलं. पहिले तीन महिने म्हणूनच मोलाचे. त्या काळात सकाळी फुटाळा तलावावर चालायला गेलेली बाई पुढेही जाते, आणि त्या काळात दारं लावून बसलेली पुढेही बसून राहण्याची भीती असते.

मिठाची बरणी आणि माळ्यावरची पातेली

जागा निवडायची कशी, याचं उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. मिठाची बरणी गॅसच्या हाताशी असते, कारण ती दिवसातून चारदा लागते. डाळी-तांदळाचे डबे खालच्या फळीवर. आणि दिवाळीची मोठी पातेली माळ्यावर, स्टूल घेऊन चढलं की मिळतात. वस्तू किती मोठी किंवा किती आवडती, यावर तिची जागा ठरत नाही. ती किती वेळा लागते यावर ठरते.

घराचंही तसंच. नोकरी, भाजी, औषधाचं दुकान, फिरायची जागा ही मिठाची बरणी: पायी किंवा पंधरा-वीस मिनिटांत. बँक, मैत्रीण, आईचं घर, गाण्याचा क्लास आठवड्याला लागणारं: एका वाहनात. विमानतळ, मोठं लग्नकार्य, मुलीचं शहर हे माळ्यावरचं. त्यासाठी अर्धा दिवस गेला तरी चालतो. अजनीहून पुण्याला ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत धावते, समृद्धी महामार्ग त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या दिशेनं पूर्ण खुला झाला. माळ्यावर चढायचं स्टूल आता भक्कम आहे. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांतून मुलीला भेटण्यासाठी रोजचं जगणं तिकडे हलवायची गरज उरत नाही.

रोजचं, आठवड्याचं आणि कधीमधीचं या तीन वर्तुळांखेरीज एक चौथं वर्तुळ आहे, आणि एकट्या माणसासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर पंधरा मिनिटांत दाराशी कोण येईल? एक नाव तरी असलं पाहिजे. भाऊच असायला हवा असं नाही. शाळेतली सहकारी, खालच्या मजल्यावरचं कुटुंब, कुणीही. ज्या वस्तीत असं एक नाव आहे, ती वस्ती दहा गुणांनी पुढे.

नागपूरचा नकाशा या कामी सोपा आहे. मेट्रोचे दोन मार्ग अधिकच्या चिन्हासारखे सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. नारिंगी मार्ग उत्तरेच्या ऑटोमोटिव्ह चौकापासून दक्षिणेला खापरीपर्यंत, निळा मार्ग पश्चिमेच्या लोकमान्यनगरपासून पूर्वेला प्रजापतीनगरपर्यंत. पहिला तुकडा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला, सुमारे ३८ किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. जिला गाडी चालवायची सवय नाही, कारण ती नेहमी 'हे' चालवत, तिच्यासाठी हे अधिकचं चिन्ह मोठा आधार आहे. शंकरनगर, सुभाषनगर, छत्रपती चौक, जयप्रकाशनगर, टेलिफोन एक्स्चेंज: स्टेशनापासून पायी दहा मिनिटांचं वर्तुळ काढलं की घर शोधायचा परिसर हातात येतो.

धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर इथं भाडं जास्त, पण भाजीपासून डॉक्टरपर्यंत सगळं पायाखाली. मनीषनगर-बेसाकडच्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये त्याच पैशात एक खोली जास्त मिळते, मात्र पाणी नळाचं की बोअरचं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, रात्री नऊनंतर ऑटो मिळतो का, हे तीन प्रश्न वॉचमनला विचारल्याशिवाय टोकन देऊ नये. महाल-इतवारीच्या जुन्या वस्तीत शेजार घट्ट. कुणाला हा आधार वाटतो, कुणाला पहारा. दोन्ही खरं आहे, आपल्याला यातलं काय पेलतं ते आपणच ठरवायचं.

आणि नागपुरातलं नक्की काय सोडायचं, याचं उत्तर पुष्कळदा इथंच सापडतं. जिथं रोज 'ते' भेटतील, जिथला किराणावाला दोघांना ओळखतो, तो रस्ता सोडायचा असतो. धरमपेठेतून नंदनवनला गेलं तरी तो रस्ता सुटतो, आणि नोकरी, आई, दातांचा डॉक्टर हे सगळं शाबूत राहतं.

एकाच विहिरीचं पाणी

घटस्फोटात भांडी वाटली जातात तशा ओळखीही वाटल्या जातात. जोडीनं येणारे मित्र हळूहळू येईनासे होतात. अशा वेळी काय लागतं, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या एका कल्पनेतून नीट कळतं. नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ही संधी कुणाकडून कळली? बऱ्याच जणांनी नावं घेतली ती अधूनमधून भेटणाऱ्या, साध्या ओळखीच्या माणसांची, जिवलगांची नव्हे. जिवलग माणसं आपल्याच विहिरीचं पाणी पितात. आपल्याला जे ठाऊक आहे तेच त्यांनाही. लांबची ओळख दुसऱ्या विहिरीचं पाणी आणते. रिकामी खोली, चांगली मोलकरीण, शिकवणीची मुलं, विश्वासू इलेक्ट्रिशियन, या बातम्या अशाच येतात.

पण जिवलगही हवेतच, आणि त्यांना वेळ लागतो. अमेरिकन संशोधक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार साधी मैत्री व्हायला सोबत घालवलेले सुमारे ५० तास लागतात, खरी मैत्री व्हायला ९०, आणि जिवाभावाची व्हायला २०० हून जास्त. आठवड्याला दोन तास भेट धरली तर २०० तासांना जवळपास दोन वर्षं. अनोळखी शहरात जाण्याची ही खरी किंमत आहे आणि ती कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. नागपुरात राहिलेल्या बाईकडे हे तास आधीच जमा असतात: शाळेतली स्टाफरूम, भिशीचा गट, झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघातले कार्यक्रम, बागेतला योगवर्ग. ज्या ठिकाणी तीच माणसं ठरावीक वेळी पुन्हा पुन्हा भेटतात, तिथंच हे तास साचतात.

पुरुषाचं गणित थोडं वेगळं. पन्नाशीत एकटा पडलेला पुरुष पुष्कळदा घर राखून असतो, पण घरात येणारी माणसं बायकोनं जपलेली असतात. ती गेली की फोन थांबतात. त्यात स्वयंपाक येत नसेल तर डबा आणि खाणावळ. त्यानं जुना तीन खोल्यांचा रिकामा फ्लॅट धरून बसण्यापेक्षा भावाच्या किंवा मित्राच्या गल्लीत लहान जागा घ्यावी आणि वरण-भात-पोळी शिकून घ्यावी.

काम हा नव्या जागेचा सगळ्यात मजबूत नांगर आहे, याला आपल्या इतिहासात साक्ष आहे. बालपणी झालेलं लग्न नाकारणाऱ्या मुंबईच्या रखमाबाईंवर १८८४ मध्ये नवऱ्यानं खटला भरला. १८८७ मध्ये न्यायालयानं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन प्रकरण मिटलं. लंडनला जाऊन डॉक्टर झालेल्या रखमाबाईंनी परतल्यावर काम उभं केलं ते सुरतेत, पुढे राजकोटमध्ये. जिथं त्यांची ओळख 'त्या खटल्यातली बाई' अशी नव्हती, 'डॉक्टर' अशी होती. नागपुरात कोवळ्या वयात विधवा झालेल्या कमलाताई होस्पेट परिचारिका झाल्या आणि वेणूताई नेने यांच्या साथीनं १९२१ मध्ये सीताबर्डीवर त्यांनी प्रसूतिगृह सुरू केलं. तीच पुढची मातृसेवा संघ ही संस्था. एकीनं शहर बदललं, दुसरीनं नाही. दोघींनीही कामापासून हाकेच्या अंतरावर आयुष्य मांडलं.

वरचा मजला की तळमजला

वस्ती ठरली की घर. इथं नागपूरची दोन ऋतूंची परीक्षा आहे.

पहिली परीक्षा मे महिन्याची. सगळ्यात वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. कूलरशिवाय निभत नाही. आता कूलर म्हणजे नुसती वस्तू नाही: खिडकीबाहेर स्टँड बसतो का, जवळ नळ आहे का, वाळ्याच्या ताट्या बदलायला कुणी येईल का? नळ लांब असेल तर नवतपात दिवसातून दोनदा पाच-सहा बादल्या पाणी उचलून ओतावं लागतं. तिशीत हे जमतं. पंचावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या पाठीनं, एकटीला? पश्चिमेची उघडी भिंत, वर स्लॅब आणि नळ नाही, अशी जागा कितीही स्वस्त असली तरी सोडावी.

दुसरी परीक्षा पावसाची. २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री काही तासांत झालेल्या मुसळधार पावसानं अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांच्या घरांत पाणी शिरलं. शहरातल्या चांगल्या, महागड्या समजल्या जाणाऱ्या भागांतले तळमजले त्यात बुडाले. अशा भागात तळमजला पाहत असाल तर शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारा: त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर हात ठेवून ते दाखवतात.

म्हणून मधला मजला, लिफ्ट असलेली इमारत, आणि जिन्यात दिवा. आज लिफ्ट नको वाटेल. पण ही निवड पुढच्या वीस वर्षांची असू शकते. मेडिकल, मेयो किंवा वर्धा रोडवरचं एम्स यांपैकी कोणतं रुग्णालय जवळ आहे, हेही त्याच वीस वर्षांच्या हिशेबात येतं.

चौकट: भाड्यानं घर घेताना

महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५).

नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे नोंदणी मालकाच्याही हिताची.

नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं.

नोकरी करणाऱ्या एकट्या, घटस्फोटित वा विधवा स्त्रियांसाठी 'सखी निवास' ही सरकारी वसतिगृह योजना आहे. अडचणीत महिला हेल्पलाइन १८१.

विकत घेण्याआधी

पोटगीची एकरकमी रक्कम हातात आली की सल्ला तयार असतो: लगेच फ्लॅट घेऊन टाक, डोक्यावर छप्पर हवं. छप्पर हवंच, पण पहिलं वर्ष ते भाड्याचं असावं. घर विकत घेताना मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली यांत जाणारे पैसे परत येत नाहीत. वर्षभरात 'ही वस्ती आपली नाही' असं कळलं, तर भाड्याच्या घरात एक टेम्पो लागतो. विकत घेतलेल्या घरात आयुष्याच्या पुंजीचा लचका तुटतो. एका वर्षात उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी तिन्ही त्या घरात काढून होतात. एकटीनं काढलेली दिवाळी त्या वस्तीबद्दल जे सांगते ते कुठलाही एजंट सांगत नाही. त्या रात्री समोरच्या दारातून फराळाचं ताट आलं की नाही, एवढं पाहिलं तरी पुरे.

वर्षानंतर घ्यायचं ठरलं तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या एकटीच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अटही आता नाही. नागपुरात सुधार प्रन्यासच्या हद्दीतलं ले-आउट असेल तर 'आरएल' म्हणजे रिलीज लेटर आहे का, हे पाहूनच बोलणी पुढे न्यावी.

आता पुन्हा 'कायमचा पत्ता' या रकान्याकडे. नोंदणीकृत भाडेकरार हाती आला की आधारवरचा पत्ता बदलतो, आधारवरून बँक, गॅस, मतदार यादी. एक कागद पुढच्या दहा कागदांची किल्ली होतो. पासपोर्टसाठी तर डिसेंबर २०१६ पासून घटस्फोटित व्यक्तीला माजी जोडीदाराचं नाव किंवा हुकूमनामा द्यावा लागत नाही. एकटीच्या नावावरचे असे कागद सहज मिळालेले नाहीत. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली, निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न राज्यभर नेला. सांगली भागात इंदुताई पाटणकरांच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीनं टाकलेल्या बायकांसाठी घराला जागा मागितली, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं. रेशनकार्ड म्हणजे त्या काळी धान्याइतकाच पत्त्याचा पुरावा होता.

कायदा, मेट्रो, ऑनलाइन करार, सगळं असूनही शेवटची अडचण दारावर उभी असते. घर दाखवताना पहिला प्रश्न येतो, "मिस्टर काय करतात?" आणि उत्तर ऐकल्यावर जागा अचानक आधीच 'दिली गेलेली' असते. नागपुरात शेकडो बंगल्यांचे वरचे मजले मुलं परदेशी किंवा पुण्याला गेल्यानं रिकामे आहेत. ज्यांचा असा मजला आहे त्यांना एवढीच विनंती: उद्या एखादी पन्नाशीची शिक्षिका, नर्स किंवा बँकेतली बाई एकटीच घर पाहायला आली, तर तिला पगार विचारा, ओळखपत्र पाहा, करार नोंदवा, आणि मिस्टरांबद्दल न विचारता किल्ली तिच्या हातात द्या.